बाडमेरला नेलेलं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी कचेरीत टायपिस्ट होते. जिल्हा तेवढा नवा, बाकी समदं जुनं. टेबलं जुनी, कपाटं उस्मानाबादहून ट्रकात घालून आणलेली, आणि छापील कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून वर 'लातूर' टाइप करायचं काम माझ्याकडं. दिवसभर लातूर-लातूर बडवून मला अशी सवय लागली की घरची भाजीची यादीसुद्धा मी तीन प्रतींत काढायचे. आमचे हे त्याच कचेरीत जीपवर ड्रायव्हर. चारचौघांत म्हणायचे, "आमच्या बायकोनं हुंड्यात कार्बन पेपर आणला." म्हणा म्हटलं, बापडे. त्या थंडीत लातूरहून पार बाडमेरपर्यंत जीपनं गेलो आणि हातपाय शाबूत ठेवून पोचलो, ते माझ्या यादीमुळं. हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. मधे जो घोळ झाला तो यादीतल्या एकाच ओळीमुळं, आणि ती ओळ माझ्या आईनं घालायला लावली होती.

बाडमेर कशाला, तर माझ्या धाकट्या भावासाठी. तो फौजेत. तिकडं बदली झाली आणि दोन वर्षांत त्यानं तिथल्याच एका मारवाडी मुलीशी लग्न केलं. आम्हाला कळलं ते पत्रानं, सोबत एक फोटो. मुलीच्या माहेरी जावयाची जात कळली तसं त्यांनी तिला दार बंद केलं, ते कायमचंच. आणि इकडं आमच्या आईनं फोटो पाहिला न पाहिला, पालथा घातला आणि जाहीर केलं, "म्या तिच्या हातचं पाणी पिणार न्हाई."

मी म्हटलं, "अगं, ती कशाला येतीय तुला पाणी द्यायला एवढ्या लांबून?"

"आज न्हाई तर उद्या येईल की. वरच्या जातीची हाय. कवातरी नाक मुरडंल, म्हणंल, तुमच्या हातचं मला चालत न्हाई. तिनं म्हणायच्या आधी मीच म्हणून ठेवते."

माझं डोकं तापलं, मी दोन दिवस अबोला धरला, तिनं चार दिवस धरला.

पण आई पाण्यावरच का अडली ते मला ठाऊक होतं. आमचं मूळ गाव नायगावच्या बाजूचं. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, पण गावच्या विहिरीला ते कळायला लई वर्षं लागली. आमच्यातल्या बायकांनी विहिरीला पोहरा लावायचा नाही. कुणाला दया आली तर वरून धार धरणार, आणि आई खाली उकिडवी बसून ओंजळ तोंडाला लावून पिणार, खाली बघत. मी लहान होते, शेजारी उभी राहून बघायचे. मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि विहीरच आटली. टँकर सुरू झाला. टँकर आधी वरच्या आळीला, आमच्याकडं येईस्तोवर तळाचा गाळ. एक दिवस नवीन ड्रायव्हर आला. पोरगेलासा. त्यानं कुणाला न विचारता गाडी थेट आमच्या वस्तीत आणून उभी केली आणि म्हणाला, "आज हिकडून सुरवात." वरून आरडाओरडा झाला, तर गडी शांतपणे पाइप धरून उभा. एक थेंब सांडला नाही. आईनं त्याच दिवशी ठरवलं, ह्यो आपला जावई. तेच आमचे हे.

तर भावाचं दुसरं पत्र आलं. पलटण पूर्वेकडं चालली होती. तिथं बायकांना नेता येत नाही, आणि परत यायला दोन-तीन वर्षं. त्यानं लिहिलं होतं, 'अक्का, ही एकटी कुठं राहील? हिला माहेर राहिलं नाही. आई येऊन घेऊन गेली तर माझा जीव भांड्यात पडेल. पण ही म्हणते, आईंनी स्वतःच्या तोंडानं चल म्हटलं तरच येईन, नाहीतर इथंच कुणाची धुणी-भांडी करीन. सोमवारी पहाटे आम्ही निघणार.' आणि खाली सोमवारची तारीख, दोनदा अधोरेखित.

मी पत्र मोठ्यानं वाचलं. आई तूर निवडत होती. बराच वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "पोराला बघायला जाईन. तिला आणायचं का न्हाई ते तिथं ठरवीन. आन् पाणी माझं मी घेऊन जाईन."

"किती?"

"जायला, ऱ्हायला, यायला पुरंल इतकं. वाटंत तरी कुठं मिळायचं? वाळवंट हाय त्ये."

तर हे असं. रेल्वेनं जायचं म्हटलं तर तेव्हा लातूरला धावायची छोटी गाडी, पुढं तीन ठिकाणी बदल, आणि वीस-वीस लिटरचे दहा कॅन घेऊन आम्हाला कोण चढू देणार? ह्यांनी डोकं खाजवलं, नांदेडला थोरल्या दिरांकडं गेले आणि त्यांची जीप मागून आणली. ही जीप नांदेड-नायगाव रस्त्यावर सवाऱ्या मारायची. आत दहा, मागं लटकून पाच, टपावर कोंबड्या. तिनं कधी रिकामी सीट पाहिली नव्हती. दीर म्हणाले, "गाडी वाघ हाय, फक्त मागचे पाटे जरा बघा." ह्यांनी पाटे बघितले. चाकावर गाडीचा भार पेलणाऱ्या त्या पोलादी पट्ट्या एका बाजूला बसल्यासारख्या दिसत होत्या. ग्रीस लावलं, हात जोडले.

आणि मी भावाला कळवलं, आम्ही येतोय, पण आई तिच्या हातचं पाणी पिणार नाही म्हणतीय, आणि यादी काढली. मोंढ्यातल्या एका आडत दुकानदाराचे ट्रक राजस्थानला डाळ घेऊन जायचे. त्याच्या ट्रकवाल्यांना दुकानाच्या पायरीवर बसवून मी दोन दुपारी सगळं विचारून घेतलं. ते आधी हसले. मी पेन्सिल काढल्यावर हसायचे थांबले. सूर्य मावळल्यावर गाडी हाकायची नाही, कारण तिकडं उंट रस्त्यावर बसतात आणि उंटाला मागं दिवा नसतो. डोंगर उतरताना ज्या गियरात चढलो त्याच गियरात उतरायचं. वाळू रस्त्यावर आली असेल तर ब्रेक मारायचा नाही. पहाटे धुकं असलं तर चहा प्यायचा, मग निघायचं. रात्री थंडी फार पडली तर रेडिएटरचं पाणी काढून ठेवायचं, नाहीतर गोठून नळ्या फुटतात. एक दिवस हातचा धरायचा. सगळं टाइप केलं, तीन प्रती. एक ह्यांच्या खिशात, एक माझ्या पर्समध्ये, एक घराच्या दाराला आतून, म्हणजे आमचं काही बरंवाईट झालं तर शोधणाऱ्याला कळावं. हे म्हणाले, "लई शुभ बोललीस." पण प्रत खिशात ठेवली.

स्वेटर हा आणखी एक घोळ. लातुरात स्वेटर कोणाकडं असणार! शेवटी कचेरीतल्या नाझरसाहेबांचा एक आणि शेजारणीच्या पोराचा शाळेचा एक, असे दोन मिळाले. आईनं तेही नाकारलं. म्हणाली, "गोधडी हाय की."

पाणी आईनं स्वतः भरलं. घरामागच्या हापशावर पहाटे जाऊन, पदराच्या दुहेरी कापडातून गाळून, कॅनमागून कॅन. शेजारीपाजारी बघून राहिले. एकीनं विचारलं, "आज्जे, नळ बंद होणार हाय काय?" तसं दोघींनी घाबरून आपल्याही घागरी लावल्या. यादीत मी लिहिलं, 'पाणी, दहा कॅन.' ह्यांनी ती ओळ वाचली आणि हळूच म्हणाले, "दोनशे किलो हाय हे. मामीला सांग की." सासूला हे मामी म्हणत. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." त्यांनी सांगितलं नाही. टँकर चालवलेला माणूस, पाणी कमी घ्या असं त्यांच्याही तोंडून निघेना.

निघालो. मागं कॅन, कॅनवर गोधड्या, गोधड्यांवर आई. गोदावरी आली. दोन्ही काठ पाण्यानं भरलेले. मी म्हटलं, "आई, इथं पाणी हाय हं भरपूर. चार कॅन रिकामे करू, पुढं भरून घेऊ."

"पुढचं कुणी बघितलंय?"

तापी आली. नर्मदा आली, आणि तो पूल संपता संपेना. मी नुसतं बोट दाखवलं. आईनं नदीला हात जोडले आणि कॅनचं झाकण घट्ट आहे का ते चाचपून बघितलं. मही, साबरमती, सगळ्या नद्यांवरून आम्ही हापशाचं पाणी वाजतगाजत नेलं. माझा संताप होत होता आणि हसूही येत होतं. ह्यांनी तर गाणंच लावलं होतं, "चला हो चला, समुद्राला घागर दाखवायला चला."

मेहसाण्याला क्लच प्लेट गेली आणि हातचा धरलेला दिवस तिथं खर्च झाला. मी ह्यांना यादी दाखवली, बघा, म्हणून धरायचा असतो. पुढं अरवलीच्या पायथ्याशी मुक्काम केला तेव्हा थंडी म्हणजे काय ते कळलं. दात वाजत होते. धर्मशाळेचा माणूस म्हणाला, गाडीतलं पाणी काढून टाका. ह्यांनी रेडिएटरखाली बादली लावली, सगळं पाणी बादलीत काढलं आणि बादली झाकून खोलीत आणली. गंजाचं, तेलकट, तांबडं पाणी! मी म्हटलं, "ओतून द्या ना ते." हे म्हणाले, "जमिनीवर? पाणी?" आणि त्यांचा चेहरा असा झाला की मीच बादली भिंतीकडं नीट सरकवून ठेवली. आई मात्र खूश. म्हणाली, "याला म्हणतात माणूस."

जालोर सोडलं रविवारी सकाळी. सोमवारी पहाटे भाऊ निघणार. पण वेळ होता, दुपारी तीनपर्यंत पोचलो असतो. आणि तो मुलूख! नुसते उघडेबोडके काळपट डोंगर, एकावर एक रचलेल्या दगडांचे, आणि त्यांच्या कुशीत वाळू चढून बसलेली. आमच्या बालाघाटात कितीही दुष्काळ असो, कुठंतरी एखादी बाभळ, एखादा लिंब दिसतो. इथं मैलमैल काही नाही. आणि हवा इतकी थंड, इतकी स्वच्छ की लांबचा डोंगर हातावर आल्यासारखा वाटायचा. आई पहिल्यांदा म्हणाली, "बघ, म्हणलं नव्हतं? पाणी आणलं ते बरं केलं."

हे शब्द तिच्या तोंडात असतानाच रस्त्यात वाळूखाली लपलेला खड्डा आला आणि मागून 'कडाड्' झालं. गाडी एका बाजूला बसली. ह्यांनी खाली वाकून बघितलं आणि तसेच मांडी घालून वाळूत बसले. मागचा पाटा तुटला होता. मूळचा थकलेला, वर दोनशे किलो.

अकरा वाजले होते. बाडमेर अजून शंभरेक किलोमीटर. ह्यांनी हिशेब मांडला, "दोन वाटा हायत. एक, मी मागच्या गावाला जातो, कुणाची गाडी मिळंल तशी, जालोरहून पाटा आणतो. उद्या दुपार होईल. दुसरी, लाकडाचा ठोकळा घालून साखळीनं आवळतो. वीसच्या स्पीडनं गेलो तर उजेडी पोचू. पण मग मागं वजन नको. गोधड्या चालतील. कॅन न्हाई चालायचे."

मी आईकडं बघितलं. तिनं मान फिरवली.

आणि मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "उद्या दुपारी? उद्या दुपारी तो आगगाडीत असेल! तीन वर्षं तोंड दिसायचं न्हाई. आणि ती पोरगी तिथं उंबऱ्यात उभी राहील, तू चल म्हणशील म्हणून. हे पाणी कुशीत घेऊन बस तू इथं! आपल्याला वरून धार धरणारे कसे होते गं? आठवतंय? त्यांच्यात आणि तुझ्यात मला तर आज फरक दिसंना!"

हे म्हणाले, "अगं, बास." मी बास केलं, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. आई ओठ घट्ट मिटून डोंगराकडं बघत राहिली. मला रडू यायला लागलं, रागानं का कशानं कोण जाणे.

तेवढ्यात डोंगराच्या कुशीतून शेळ्या आल्या. मागं एक म्हातारी, डोक्यावर फाटकी ओढणी, हातात काठी, आणि काठीला अडकवलेलं रिकामं मडकं. तिनं जीप बघितली, कॅन बघितले. शेळ्यांना कसं कळलं कुणास ठाऊक, त्या तर कॅनला तोंडं लावायला लागल्या. म्हातारीनं त्यांना हाकललं आणि आमच्याशी काहीतरी बोलली. भाषा कळली नाही, पण पाणी कळलं.

आई उतरली. तिनं पेल्यात पाणी काढलं आणि पुढं गेली. तशी ती म्हातारी चार पावलं मागं सरकली, वाळूत उकिडवी बसली, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि मान खाली घातली.

आम्ही जीपवाले. आम्ही कुणीतरी मोठे. आमच्या पेल्याला तिचा हात लागू नये, म्हणून.

आई तिथंच थबकली. पेला हातात तसाच, आणि पाणी हिंदकळून वाळूत पडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या हातून पाणी सांडताना पाहिलं. मग ती खाली बसली, त्या बाईच्या समोर, वाळूत, तशीच उकिडवी. तिचे हात धरून ओंजळ सोडवली आणि पेला त्या हातात दिला. बाई घेईना. नको नको म्हणत मान हलवत होती. आईनं पेला परत घेतला, स्वतः एक घोट प्यायली आणि पुन्हा तिच्या हातात दिला. "पी," म्हणाली, "पी गं बाई, पी." बाईनं आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं, आणि प्याली. सगळा पेला, एका दमात.

आई उठली, लुगड्याची वाळू झटकली आणि ह्यांना म्हणाली, "बघत काय बसलात? ओता समदं. पर सांडू नका."

मग काय! म्हातारीनं हाळी दिली तशा वळणापलीकडच्या झोपड्यांतून दोन बायका मडकी, कळश्या, एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. सगळं भरलं. उरलेलं एका खोलगट खडकात ओतलं आणि शेळ्या तुटून पडल्या. लातूरचं हापशाचं पाणी मारवाडच्या शेळ्या पिऊन राहिल्या होत्या आणि आई कमरेवर हात ठेवून, एखादी राहिली तर नाही ना, ते बघत होती. हे तोवर गाडीखाली ठोकळा बसवत होते. रिकामे कॅन दोरीनं बांधून टपावर टाकले. दहाव्या कॅनात तळाशी एक तांब्या असेल नसेल, मी म्हटलं, "तेवढं ठेवू का तुला? तिथं लागंल." आई म्हणाली, "वत तिकडं. ती काळी शेळी ऱ्हायलीय."

शंभर किलोमीटर आम्ही सायकलच्या वेगानं गेलो. साखळी कुरकुरत होती, उंटवाले आम्हाला मागं टाकून जात होते आणि हात हलवत होते. आईनं दिवसभर त्या एका घोटापलीकडं काही प्यायलं नव्हतं. मी दोनदा म्हटलं, वाटेत कुठं मागून घेऊ. तिनं मान हलवली. मला वाटलं, झालं, अजून अडून बसलीय. सूर्य टेकायला आणि बाडमेरचे दिवे दिसायला एकच गाठ पडली. यादीतला पहिला नियम पाळला गेला, हे मी ह्यांना तेवढ्यातही सांगितलंच.

भाऊ गल्लीच्या तोंडाशीच उभा होता. दुपारपासून उभा असणार. खोलीत त्याची ट्रंक भरून तयार, वर पट्टा. तो आईच्या पाया पडला, आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. ती मुलगी आत भिंतीला टेकून उभी होती. फोटोत दिसते त्याहून लहान. हात ओढणीत गुंडाळलेले. पुढं येईना, मागं जाईना.

आई ओट्यावर बसली आणि म्हणाली, "तहान लागलीय."

माझा भाऊ लगबगीनं म्हणाला, "हाय की आई, सोय केलीय." कोपऱ्यात एक कोरं मडकं होतं, वर कोरं झाकण, शेजारी नवा पेला. तो पेला बुडवायला निघाला.

"थांब," आई म्हणाली. "ह्ये कुणी भरलं?"

"शेजारच्या काकींनी. मडकं मी आणलं, पाणी त्यांनी भरलं. हिनं हात बी लावला न्हाई, आई. तुझा नेम हिला ठाऊक हाय. हिनंच सांगितलं मला, आईंची अडचण नको व्हायला."

मी हे ऐकलं आणि मला आईकडं बघवेना. मुलीला भाषा कळत नव्हती, पण कशाबद्दल चाललंय ते कळत होतं. तिची मान खाली खाली जात होती.

आईनं ते मडकं हातानं बाजूला सारलं. म्हणाली, "मग ह्ये मला नको. तिला म्हणावं, तुझ्या पिण्याचं आण. तुझ्या हातानं."

भावानं सांगितलं. मुलगी आत गेली, आतून भांड्याचा आवाज आला. मग ती तांब्या घेऊन आली आणि चार पावलांवर थांबली. आईनं हात पुढं केला. मुलगी पुढं आली. आईनं तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि गटागटा सगळा संपवला. पाणी गळ्यावरून लुगड्यावर सांडत होतं आणि तिला भान नव्हतं.

मग तोंड पुसलं, रिकामा तांब्या मुलीच्या हातात दिला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात माझ्या भावाला म्हणाली, "पाटा बदलला की परवा निघायचं. टपावर कॅन हायत, ते भर म्हणावं हिला. पर दोनच. बाकीच्या जागंवर ही बसंल."